लिहून देणार येसू

घर बघायला कुणी आलं की आमचा दिगू आधी त्याला मागल्या पडवीत नेतो, खाडी दाखवतो आणि मग छाती काढून सांगतो, "ही आईच्या माहेरची जागा. आईनं दिली." मी आत भाकऱ्या करत असले तर माझा हात परातीतच थांबतो. पाहुण्यांसमोर पोटच्या पोराला खोटं पाडू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून मी गप्प राहते. पण काय सांगायचं आणि काय नाही, हे मी त्याला नऊ वर्षांपूर्वीच चार माणसांदेखत फोनवर बजावलं होतं. मस्कतहून येताना माणसं सोनं आणतात, खजूर आणतात. ह्यानं येताना विसरभोळेपणा आणला.

तेव्हा तो तिकडे क्रेन चालवायचा. अठरा वर्षं झाली होती. "आई, इथं हाडं झिजवून म्हातारा झालो तरी हातभर वाळू माझ्या नावावर होणार नाही," असं दर फोनला म्हणायचा. त्याला आपल्या नावाची जागा हवी होती. आणि नेमकी निघाली ती माझ्या माहेरी, बंदरवाडीला.

आमचं तिथलं जुनं घर कधीच बसलं होतं. राहिलं होतं जोतं, एक विहीर आणि रातांब्याचं झाड. माझा दादा, सीताराम, जाऊन चार वर्षं झालेली. त्याचा मुलगा नरेश चिपळूणला नोकरीत रमलेला, त्याला जागा विकायची होती. पुण्याचा एक हॉटेलवाला टपून बसला होता. नरेशनं आतेभावाला पहिला मान दिला खरा, पण महिना संपायच्या आत कागद झाला नाही तर हॉटेलवाल्याला देऊन मोकळा होईन, असंही सांगून ठेवलं.

दिगूला रजा मिळेना. मग त्यानं तिकडच्या आपल्या वकिलातीत जाऊन नयनाच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, नावानं मुखत्यारपत्र केलं. त्याच्या जागी तिनं सही करायची. शिक्क्यांनी भरलेला तो कागद आला तेव्हा मी फोनवर विचारलं, "बायकोच्या नावानं का? आई मेली होती का?"

"आई, तिथं सगळं संगणकावर असतं."

"मग मी काय संगणकाला चावणार होते?"

"तू साक्षीदार आहेस ना! मानाचं काम आहे. नयना सांगेल तिथं सही करायची, बस."

मानाचं काम म्हटल्यावर मी विरघळले. हा माझा जुना रोग आहे.

त्या दिवशी सकाळी मी ठेवणीतलं पातळ नेसले. नयना फाईल घेऊन दारात उभी. ही पोरगी तशी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "आई, चष्मा घेतला का?"

"घेतला."

एस.टी.त बसल्यावर पुन्हा. "चष्मा आहे ना बरोबर?"

"साक्षीदाराला चष्मा कशाला गं? मला काय पोथी वाचायची आहे?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझी इयत्ता दुसरी. वाचता येतं, पण जिना चढल्यासारखं, एकेक अक्षर धरून. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मी कागद वाचण्याच्या भानगडीत पडत नाही. कागद पुढं केला की मी विचारते, "सही कुठं?"

तालुक्याच्या रजिस्टर कचेरीत अकराला पोचलो. वरचा मजला, अरुंद जिना, बाकांवर आमच्याआधी आलेली माणसं. नरेश आला होता. वहिनी, दादाची बायको, कापडी पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि बोलायला फार कमी. कमी बोलणाऱ्या बायकांचा मला आयुष्यात कधी भरवसा वाटला नाही. आणि खातू नावाचा दस्त लिहिणारा, कानावर पेन, कागदांची चळत छातीशी धरून इकडून तिकडे पळत होता.

नंबर यायला वेळ होता. शेजारी एक अनोळखी बाई होती. मला गप्प बसवत नाही.

"पोरगा परदेशात असतो," मी तिला म्हटलं. "माझ्याच माहेरची जागा घेतोय. खरं म्हणजे ह्या जागेत माझाही हक्क होता हो. पण मी सोडला. आमचे बाबा गेले त्या वर्षी भावानं कागद पुढं केला आणि मी अंगठा उठवला. वाचला नाही, विचारलं नाही. आजकालच्या बहिणी कशा कोर्टात जातात, तशातली मी नव्हे."

"मोठं मन लागतं त्याला," ती बाई म्हणाली.

"लागतंच! आणि बदल्यात भावानं काय दिलं, तर एक हिरवी सुती साडी. बाजारातली सगळ्यात हलकी. तिसऱ्या धुण्याला तिचा रंग विहिरीत उतरला. मी म्हटलं, असू दे. भाऊ चिक्कू निघाला म्हणून बहिणीनं लहान व्हायचं नसतं."

हे मी पहिल्यांदा सांगत नव्हते. लग्नकार्यात, बारशाला, प्रत्यक्ष दादाच्या बाराव्यालासुद्धा मी ही साडी धुवून वाळत घातलेली आहे. वहिनी नेहमीसारखी ऐकत होती. तिनं फक्त पिशवी जरा पोटाशी घेतली.

तेवढ्यात आतून शिपायानं पुकारलं, "येसू गोविंद नागवेकर!"

आणि माझ्या तोंडून ओ गेली.

येसू म्हणजे मी. पण ते नाव मी सासरच्या दारात ठेवून आत आले होते. तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, द्वारका, आणि तेव्हापासून मी द्वारका शांताराम आरेकर. ती अंगठीपण उसनी होती, पण ते असो. येसू म्हणणारं जगात एकच माणूस राहिलं होतं, दादा. तो गेल्यापासून चार वर्षांत ती हाक कुणी मारली नव्हती. आणि आता एक परका पोऱ्या कागदात बघून माझ्या बापाच्या नावासकट ओरडत होता.

"चला आजी," शिपाई म्हणाला. "आधी तुमचा दस्त, मग खरेदीखत."

"माझा कसला दस्त? मी साक्षीदार आहे."

"साक्षीदार ते बघा, तिकडे दोघं उभे आहेत. तुम्ही लिहून देणार."

"काय लिहून देणार?"

"हक्कसोडपत्र."

मी नरेशकडे बघितलं. नरेश पंख्याकडे बघत होता. खातूला एकाएकी पेन सापडेनासं झालं, कानावरच होतं तरी. मी नयनाकडे वळले. तिनं मात्र नजर चुकवली नाही. माझ्या पिशवीत हात घालून चष्म्याची डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

मग मी जिना चढले. ह, क्क, सो, ड. त्याच्याखाली माझं नाव, बाबांचं नाव, माझ्या गावचं नाव. सगळी माणसं उभी होती आणि मी एकेक अक्षर धरून चढत होते. कुणाची हाक मारायची हिंमत झाली नाही.

टेबलामागं साहेब म्हणून एक तरुण बाई होती. नयनापेक्षाही लहान. तिनं विचारलं, "आजी, हा कागद काय आहे ते समजलं का?"

"समजलं. पण बाई, हे मी एकदा सोडलेलं आहे. एकदा नांदायला गेलेली पोरगी परत बोहल्यावर उभी करायची का?"

खातू पुढं सरसावला. "त्याचं काय आहे आजी, तुम्ही पूर्वी अंगठा दिला असेल, पण तो कागद इथं कधी नोंदवलाच नाही. नोंदवल्याशिवाय तसल्या कागदाला अर्थ नसतो. उताऱ्यावर आजही दोन नावं आहेत. एक सीतारामभाऊंचं, तिथं आता त्यांचे वारस. आणि दुसरं येसू गोविंद नागवेकर. निम्मी जागा तुमची आहे. ती आधी नरेशच्या नावानं सोडली, म्हणजे नरेश सगळी तुमच्या मुलाला विकू शकतो. साधी गोष्ट आहे."

"साधी गोष्ट आहे तर मला घरी का नाही सांगितली?"

साहेबबाईनं कागद बाजूला ठेवला. "आजी, तुमच्या मनाविरुद्ध मी काही घेणार नाही. बाहेर बसा, नीट समजून घ्या. पाच वाजेपर्यंत वेळ आहे. तोवर मी दुसरे दस्त घेते."

बाहेर कठड्याशी आलो आणि माझं तोंड सुटलं.

राग यायला हवा होता पोराचा. पण तो समुद्रापलीकडे, आणि दादा त्याच्याही पलीकडे. जो उलट बोलणार नाही त्याच्यावर मी आधी घसरले. "बघितलंस वहिनी, दादाची तऱ्हा! बहिणीनं सोन्यासारखा हक्क सोडला आणि ह्यानं तो कागद चार मैलांवर आणून नोंदवला नाही. त्रेचाळीस वर्षं! आळशी तो आळशी, चिक्कू तो चिक्कू. एस.टी.चं तिकीट वाचवलं असेल. साडीत वाचवलं तसं."

"पुरे, वन्सं."

वहिनीनं मला पुरे म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी थांबलेच.

"चाळीस वर्षं ती साडी ऐकतेय मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सगळ्यांसमोर ऐकली. हे होते तोवर ऐकली, हे गेले, त्यांच्या बाराव्याला ऐकली. ह्यांनी मला शपथ घातली होती म्हणून बोलले नाही. आता तुम्ही कचेरीत त्यांना आळशी म्हणताय. आता बोलते."

तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक स्टॅम्प काढला. पिवळा पडलेला. घड्यांवर फाटत आलेला. खाली काळा गोल, सबंध, एकही रेघ पुसट नाही असा. माझा अंगठा. माझ्या चोविसाव्या वर्षाचा.

"हा तुम्ही दिलात त्या दिवशी संध्याकाळी हे घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, येसूनं विचारलंसुद्धा नाही गं. काका म्हणाले म्हणून मी कागद पुढं केला, मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं."

नरेशही ऐकत होता. त्यालाही हे नवीन असावं.

"पावसाळा संपला की नोंदवायला नेतो म्हणाले. पावसाळा संपला, होळी झाली, दुसरा पावसाळा आला. शेवटी मीच म्हटलं, खोटं कशाला बोलू, मीच मागं लागले, अहो, नेऊन टाका तो कागद. उद्या वन्संची पोरं हिस्सा मागतील. तर म्हणाले, तिनं दिलं ते तिचं मोठेपण. मी घेतलं तर माझ्याकडे काय राहिलं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी टेंपो मागं घेत होतं, त्याचं ते पीं पीं चाललं होतं.

"आणि साडी?" मी विचारलं.

"साडी घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. मी जरीकाठी काढली होती. ह्यांनी परत ठेवायला लावली. म्हणाले, भारी घेतली तर जागेची किंमत दिल्यासारखं होईल. अशी घे की ही किंमत आहे असं कुणालाच वाटणार नाही." वहिनीनं स्टॅम्पाची घडी पुन्हा नीट घातली. "तुम्हाला सांगू द्यायचे नाहीत. म्हणायचे, येसूला कळलं तर ती उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन स्वतः नोंदवून येईल. हट्टी आहे."

खरं होतं. मी गेलेच असते.

नयनाच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. तिनं काढून बघितला. "ह्यांचा आहे."

"वाजू दे," मी म्हटलं.

वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा वाजू दिला.

मी नयनाला विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यानं?"

ती ओठ चावत होती. नवऱ्याची बाजू घ्यायची की सांगायचं, ह्यात तिचा जीव अडकला होता. मग म्हणाली, "ते म्हणाले, आईला सांगितलं तर ती गावभर करेल. आणि... उद्या आईचं काही झालं तर ताईंच्या घरचे तिच्या हिश्श्यात वाटा मागतील. आईचं नाव आत्ताच निघालं की प्रश्न मिटला."

ताई म्हणजे रत्ना, माझी मुलगी. दिगूच्या पाठची. त्यानं तिला अंगाखांद्यावर खेळवली होती. तिचा प्रश्न तो मिटवत होता, आणि तोही माझ्या हातानं.

"तुला पटलं हे?"

"नाही पटलं. तसं सांगितलं त्यांना. भांडले. मग मला एवढंच सुचलं," ती म्हणाली आणि माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं.

ह्या पोरीला मी बारा वर्षं मिठाच्या बरणीचं झाकण नीट लावत नाही म्हणून बोलत होते.

नरेश पुढं आला. त्याचे कान लाल झाले होते. "आत्या, चुकलं. दिगू म्हणाला, आई साक्षीदार समजून सही करेल, उगाच तिला त्रास नको. मी ऐकलं. पण आज कागद नाही झाला तर... मी त्या हॉटेलवाल्याला शब्द देऊन बसलोय. सोमवारी तो येतोय."

म्हणजे सगळं आता माझ्या अंगठ्याशी येऊन थांबलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर दिगूची अठरा वर्षांची जागा गेली असती. हो म्हटलं असतं तर उताऱ्यावरून येसू गेली असती, दादानं जिला त्रेचाळीस वर्षं तिथं बसवून ठेवलं होतं ती.

मी बाकावर बसले. वहिनीनं डबा उघडला. घावणे आणि चटणी आणली होती. आम्ही दोघी एका डब्यातून खाल्लं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी जेवताना काही बोलले नाही. तिला बहुतेक ते जास्तच जाणवलं असावं, कारण तिनं शेवटचा घावणा न विचारता माझ्याकडे सरकवला.

हात धुतले आणि सरळ साहेबबाईच्या टेबलाशी गेले.

"बाई, मी हक्क सोडणार नाही."

मागं खातूनं कपाळाला हात लावलेला मला न बघता कळला.

"पण मला विकता येईल का?"

ती हसली. "निम्म्या जागेच्या मालक आहात. का नाही येणार? खरेदीखतात लिहून देणार म्हणून तुमचं नाव घालावं लागेल. दस्त बदलावा लागेल."

"घाला. आणि माझ्या बापानं ठेवलेलं नाव आधी घाला. सासरचं मागून."

खातू म्हणाला, "आजी, एवढं करण्यापेक्षा बक्षीसपत्र करा ना. आईनं मुलाला बक्षीस द्यायचं. सोपं पडतं."

"बक्षीस?" मी म्हटलं. "कशाबद्दल?"

साहेबबाईनं तोंडावर फाईल धरली. खातूनं पुन्हा बक्षिसाचं नाव काढलं नाही. पण अडचण त्यानं काढलीच. विकायचं तर किंमत लिहावी लागते. मी सांगितलं, नरेशशी जी रक्कम ठरली आहे ती त्याला आणि वहिनीला जाऊ दे, तिला मी हात लावणार नाही. माझ्या हिश्श्याची किंमत वेगळी लिहा. एक रुपया.

"एक रुपयाला कुणी जागा विकतं का आजी?"

"लिहिणारा तू. विकणारी मी."

त्यानं साहेबबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "शुल्क सरकारी दरानं भरलेलं आहे. किंमत त्यांची त्या ठरवतील. लिहा."

दीड तास गेला नवा कागद व्हायला. मधे फोन पाच वेळा वाजला. कागद आल्यावर मी तो साहेबबाईला मोठ्यानं वाचायला लावला, अगदी चारी बाजूंच्या सीमांसकट. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस खाडी, दक्षिणेस गुरवांचं आवार, उत्तरेस पाखाडी. बरोबर होतं. लहानपणी मी आणि दादा तेवढ्यातच शिवाशिवी खेळायचो, पाखाडीच्या दगडी पायऱ्या ओलांडल्या की बाद.

मग मी नयनाला म्हटलं, "काढ रुपया."

तिच्या पर्समध्ये नोटा होत्या, कार्डं होती, सुटा रुपया नव्हता. नरेशनं खिशातून पटकन काढून दिला.

"तुझा नको. तुझ्या आतेभावाचा हवा. ती त्याची मुखत्यार आहे, तिच्या हातानं आला पाहिजे."

नयना खाली गेली. दहाची नोट देऊन शेंगदाण्याच्या पुड्या घेतल्या आणि सुटे आणले. जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. तिनं रुपया माझ्या तळहातावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मी रुपया पदराच्या टोकाला बांधला.

यंत्रावर अंगठा ठेवायची वेळ आली तर ठसा उमटेना. तिथला माणूस रुमालानं पुसतोय, दाबतोय, पुन्हा ठेवायला लावतोय. "आजी, रेघाच नाहीत. झिजलाय अंगठा."

"त्या वहिनीच्या पिशवीत आहेत," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. वहिनीला कळलं. ती हसली.

शेवटी डाव्या हाताचा आला. सहीसाठी मला पेन दिलं. द्वारका लिहायला मला त्या जुन्या अंगठ्यानंतर केव्हातरी ह्यांनी शिकवलं होतं. येसू मी शाळेत पाटीवर लिहायचे, त्यानंतर लिहिलंच नव्हतं. वाटलं, जमेल की नाही. पण पेन टेकवलं आणि हात आपोआप गेला. ऊकाराचं शेपूट दादासारखंच लांब आलं. त्यानंच शिकवलं होतं.

साहेबबाईनं विचारलं, "स्वखुशीनं विकताय ना?"

"पूर्ण."

नयनानं दिगूच्या वतीनं सही केली, फोटो निघाले, शिक्के बसले. साडेचार झाले होते. नागवेकरांच्या जागेचा मालक दिगू झाला, आणि ती त्याला कुणी लिहून दिली हे त्या कागदावर जन्मभरासाठी चढलं.

जिन्यात आलो तर फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी मी हात पुढं केला. नयनानं तो मोठ्या आवाजावर टाकून दिला.

"काय चाललंय काय? उचलत का नाही कुणी? झालं का?" मागं कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"झालं. नाव चढलं तुझं."

त्यानं सोडलेला श्वास इकडे ऐकू आला. "आई! तू आहेस होय? सही केलीस ना साक्षीची?"

"सही केली. साक्षीची नाही."

मागचं यंत्र बंद झालं. का तोच लांब गेला, कोण जाणे.

"नयनानं सांगितलं?"

"तिनं काही नाही सांगितलं. चष्मा दिला."

"आई, तुला फसवायचं नव्हतं गं मला. तू उगाच मनाला लावून घेतलं असतंस. आणि तसं बघितलं तर त्यात तुझं काय राहिलं होतं? तूच सांगतेस ना सगळ्यांना, मी केव्हाच सोडलं म्हणून?"

वहिनी एक पायरी खाली उभी होती, तिच्या मागं नरेश. नयना माझ्या कोपराला धरून. मी पदराची गाठ चाचपली.

"ऐक दिगू. मी सोडलं होतं ते तुझ्या मामाला. त्याला मी आपणहून दिलं आणि त्यानं मरेपर्यंत घेतलं नाही. तुला नुसतं मागायचं होतं. आई, दे. एवढंच. तेवढं तुझ्या तोंडून निघालं नाही, आणि ताकाला जाताना तू भांडं लपवलंस. म्हणून मी तुला दिलेलं नाही, विकलंय. तुझा रुपया पोचला. आता घर बांध, दार पूर्वेला ठेव, रातांबा तोडू नकोस, सुखानं नांद. पण कुणी विचारलं जागा कुठली, तर आईनं दिली असं म्हणायचं नाही. येसू गोविंद नागवेकर म्हणून एक बाई होती, तिच्याकडून विकत घेतली म्हण."